एकोणीस उड्या

गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून आली, तेव्हा तिच्या मोबाईलवर एक चित्रफीत होती. शहराबाहेरच्या कुठल्याशा मैदानावर तिने विमानातून उडी मारली होती. पाठीला पट्ट्यांनी जोडलेला शिकवणारा माणूस, डोळ्यांवर मोठा चष्मा, वाऱ्याने फुगलेले गाल आणि वरून लावलेलं गाणं. खाली उतरली ती गवतावर अलगद बसली, जशी आपण अंगणात खुर्ची टाकून बसतो.

"कसं वाटलं, मावशी?" तिने विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं. आणि मग राहवेना. "पण आमच्या वेळी..."

"माहीत आहे," ती हसली. "तुमच्या वेळी फाटक्या छत्र्या, आणि धानाच्या ढिगावर पडलेला तो माणूस."

ती गोष्ट तिने माझ्या तोंडून दहा वेळा तरी ऐकली असेल. त्या दिवशी मात्र माझं मलाच कसंसं झालं. गोष्टीतला 'तो माणूस' माझ्याच गावात, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर राहत होता, आणि त्याच्याशी धड बोलून मला चाळीस वर्षं होत आली होती.

मी भंडाऱ्याला राहते. शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. माहेर आंधळगावचं, घरात माग होते, बाबा कोशाचं रेशमी कापड विणायचे. कॉलेजसाठी मामांकडे नागपूरला गेले आणि दुसऱ्या वर्षी फलकावर एक हाताने लिहिलेला कागद दिसला: छत्रीने उडी मारायला शिका, दर रविवारी. मैत्रिणींनी तो वाचून हसून सोडून दिला. मी रविवारी सकाळची एस.टी. पकडली.

जिल्हा तुटायच्या आधीची गोष्ट. तेव्हाच्या आमच्या मोठ्या भंडारा जिल्ह्यात लढाईच्या काळातली एक धावपट्टी ओस पडली होती. विमान यायच्या आधी तिच्यावरून गाई हाकलाव्या लागत. विमान म्हणजे वैमानिकाशिवाय चार जण मावतील असं एक जुनं यंत्र, उडी मारता यावी म्हणून एका बाजूचं दार काढून टाकलेलं. शिकणारे पाच पोरगे आणि शिकवणारे उस्ताद. उस्ताद सैन्यात छत्रीने उतरणाऱ्या तुकडीत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. लाखनीजवळच्या गावात त्यांची धानाची शेती. आठवडाभर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलात, रविवारी इस्त्रीची पँट घालून धावपट्टीवर.

मला पाहून ते म्हणाले, "पोट्ट्याईचे पाय मोडले तं मोडले. तुह्या बापाले मी काय सांगू?"

झाडाखाली ते एका छत्रीचं फाटलेलं पान शिवत बसले होते, ते पाहत उभी राहिले. विणकराच्या घरची पोरगी; सुई कशी चालते हे डोळ्याला कळतंच. "उस्ताद, हा टाका धरणार नाही," मी म्हटलं. त्यांनी वर पाहिलं. मग सुई माझ्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत मी ती पूर्ण शिवण उसवून पुन्हा घातली. त्या दिवसापासून मी 'टाकेवाली' झाले आणि पोरग्यांच्या रांगेत उभी राहू लागले.

त्या रांगेत दोघे माझ्या वयाचे होते. एक उंच, सदा बडबडणारा, पुढे रेल्वेत लागला. अजूनही आम्ही त्याला रेल्वेवाला म्हणतो. दुसरा भंडाऱ्याचा, पितळेच्या भांड्यांच्या दुकानातला. त्याला सगळे सेठ म्हणायचे. हसला की सगळ्या धावपट्टीवर ऐकू जायचं. त्याला दुकानात बसायचं नव्हतं. फौजदार व्हायचं होतं आणि त्यासाठी तो रोज सकाळी वैनगंगेच्या काठाने धावायचा.

तीन महिने आम्ही टेबलावरून, मग झाडाला बांधलेल्या माचावरून खाली उड्या मारल्या. पाय जुळवायचे, गुडघे सैल सोडायचे, जमिनीला लागलं की कुशीवर लोळायचं. पहिल्या खऱ्या उडीच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, असं आई म्हणाली. पण रविवारी धोतर आणि टोपी घालून ते धावपट्टीवर येऊन उभे राहिले.

मला वाटलं, आता हात धरून घरी नेतील. त्यांनी उस्तादांना रामराम केला आणि म्हणाले, "ज्या कापडाच्या भरवशावर पोरगी वरून येनार, थे कापड दाखवा."

उस्तादांनी छत्री पसरली. बाबा चपला काढून तिच्या कडेने उकिडवे सरकत गेले. प्रत्येक पान चिमटीत धरायचं, चोळायचं, उन्हासमोर धरून दोरे पाहायचे. पाऊण तास हेच चाललं. एका पानाशी ते थांबले. दोन्ही अंगठ्यांनी जरासं ताणलं, आणि ते कापड जुन्या वर्तमानपत्रासारखं फाटलं.

"उन्हानं खाल्लं," बाबा म्हणाले. "बाकी बरं हाये. पण हे नाई."

उस्तादांनी ती छत्री तिथल्या तिथे बाजूला काढली, बाबांना स्वतःच्या डब्यातली भाकर दिली आणि बाकीच्या छत्र्याही तपासून द्यायची विनंती केली. बाबांनी तपासल्या. जाताना मला एवढंच म्हणाले, "खाली आली का चिठ्ठी टाक."

अशी मी उडी मारली. तेव्हा छत्री आपोआप उघडायची. तिची एक पट्टी विमानाला बांधलेली असे, आपण पडलो की ती ओढली जायची. पहिल्या दोन-तीन क्षणांतलं मला काहीच आठवत नाही. मग एक हिसका, आणि शांतता. इतकी शांतता, की खाली कुठल्याशा गावातलं कुत्र्याचं भुंकणं स्पष्ट वर येत होतं. मी पायांमधून धानाच्या बांध्या पाहिल्या. एवढ्या लहान, एवढ्या नीट. उतरताना लोळायचं विसरले आणि तोंडावर पडले. सेठ धावत आला आणि माझ्या नाकातलं रक्त पाहून हसायला लागला. मीही हसले.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात भंडाऱ्याला शेतकी प्रदर्शन भरलं. लोकांना दाखवायला उड्या माराल का, अशी विचारणा झाली. आमच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती. सेठच्या घरचे सगळे, दुकानातले गडी, माझी आई आणि मामा, आणि खेड्यांतून बैलबंड्या भरून आलेली माणसं मैदानावर बसली होती.

दुपारी वारा उठला. उस्तादांनी विमानातून कागदाची लांब पट्टी टाकून पाहिली. ती मैदानावरून तिरपी गेली ती नदीकडे. खाली उतरून ते म्हणाले, "आज नाई."

बोलले ती मी. "उस्ताद, माणसं सकाळपासून थांबलीत. एकदा वर जाऊन तरी पाहू. वारा पडेल." त्यांनी नाही म्हटलं. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "आम्ही काय आता नवीन आहोत का?" उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मग माणसांकडे पाहिलं, आणि ते विमानाकडे चालू लागले.

रेल्वेवाला पहिला गेला. मैदानाच्या अगदी काठावर, पण धड उतरला. सेठ दुसरा. दारातून जाताना त्याने मागे वळून मला डोळा मारला. त्याची छत्री उघडली आणि आम्ही पाहत राहिलो. ती मैदानावरून गेली, नदीवरून गेली आणि पलीकडच्या शेतांवर लहान होत गेली. त्या जुन्या गोल छत्र्या वळवता येत नसत, वारा नेईल तिकडे जायचं. माझी पाळी आली तेव्हा उस्तादांनी माझ्या छातीवर हात आडवा धरला. मी बसून राहिले आणि विमानातूनच खाली आले.

सेठच्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. दोनदा शस्त्रक्रिया झाली. एक पाय आखूड राहिला. फौजदारकीची लेखी परीक्षा तो पास झालेला होता. शारीरिक चाचणीचं पत्र आलं तेव्हा तो दवाखान्यात खाटेवर होता. मी एकदा भेटायला गेले. बिस्किटांचा पुडा नेला, दहा मिनिटं बसले, हवापाण्याचं बोलले. परत येते म्हटलं आणि गेले नाही.

आम्ही पुढेही उड्या मारत राहिलो. मग कोणाची लग्नं झाली, कोणाच्या बदल्या झाल्या, विमान कुणीतरी विकलं. पण दर हिवाळ्यात आम्ही उरलेले लोक नागपूरला रेल्वेवाल्याच्या घरी जमतो. जुने फोटो काढतो आणि तेच ते सांगतो. या सांगण्यातच सेठच्या पडण्याची गोष्ट हळूहळू बदलत गेली. आधी तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे कडक बांधावर पडला होता. मग धुऱ्याच्या शेजारी कापलेल्या धानाचा पुंजना, मोठा ढीग, आला. आणखी काही वर्षांनी सेठ थेट त्या ढिगावरच पडू लागला, आणि शेतातली म्हातारी देव उतरला समजून हात जोडू लागली. इथे सगळे हसायचे. मीही हसायचे. धुऱ्यावरून पुंजन्यावर त्याला नक्की कोणी नेलं ते आता सांगता येणार नाही. आमच्यातल्या प्रत्येकाने थोडं थोडं ढकललं असेल.

भाची गेल्यावर मी रेल्वेवाल्याला फोन केला. उस्तादांनी नव्वदी गाठत आणली होती. त्यांच्या आठवणी मोबाईलवर बोलत्या करून ठेवाव्यात, असं आमचं बरेच दिवस चाललं होतं. "या महिन्यात जाऊनच येऊ," मी म्हटलं.

लाखनीला हायवेवर उतरून आम्ही ऑटोने त्यांच्या गावी गेलो. उस्ताद अंगणात खाटेवर बसून विळ्याची मूठ बसवत होते. कान थोडे कमी झालेत, नजर तीच. चहा झाला. रेल्वेवाल्याने मोबाईल उभा करून ठेवला आणि म्हणाला, "उस्ताद, ते चांगले दिवस कसे होते, सांगा."

"कोनते चांगले दिवस?"

"आपले. धावपट्टीचे."

उस्तादांनी विळा खाली ठेवला. "त्या छत्र्या फौजेनं काढून टाकलेल्या होत्या. कायले टाकल्या? त्याइचा भरवसा नव्हता म्हनून. त्याच्यातून मी तुमाले खाली सोडत होतो. आज कोनी असं केलं तं मी त्याले काठीनं मारीन. माह्या नातवानं मले आताच्या छत्र्या दाखवल्या. वळते, थांबते, दुसरी छत्री आपल्या आपन उघडते. लय चांगलं झालं."

"पण मजा तेव्हा होती, उस्ताद."

"तुमाले होती. तुमी आभाळ पाहत होते. मी डोकी मोजत होतो. वर किती गेले, खाली किती आले. घरी गेल्यावर जेवन जात नव्हतं मले रविवारी. माह्या बायकोले विचारा म्हटलं असतं, पन थे गेली."

मोबाईल चालूच होता. रेल्वेवाल्याने हात पुढे करून तो बंद केला.

"मग तुम्हाला काहीच चांगलं आठवत नाही?" मी विचारलं.

"आठवते नं. तुमी लोक आठवता. लोक चांगले होते, दिवस नाई." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सेठकडे जाता का तुमी?"

रेल्वेवाला हातातली रिकामी कपबशी न्याहाळू लागला.

"तो दरसाल येते. पोळा झाला का दुसऱ्या दिवशी, तशा पायानं एस.टी. चढून. पयल्या वर्षी मी त्याले म्हटलं, माही चुकी झाली, मी वर न्यायले नोको होतं. तो म्हने, उस्ताद, हवा का तुमच्या घरची होती?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तीनदा म्हटलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी विळा पुन्हा हातात घेतला. "तू तं त्याच गावात राहतेस, टाकेवाली."

परतताना रेल्वेवाला नागपूरला न जाता भंडाऱ्याला माझ्याकडेच उतरला. सेठ आणि मी एका गावात राहून भेटलोच नव्हतो असं नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत दिसायचो. "कसं काय," "बरं आहे," इतकंच. पण पितळेचं काही घ्यायचं झालं तर मी दुसऱ्या गल्लीत जायचे. माझ्या पोरीच्या लग्नातली भांडीसुद्धा मी नागपूरहून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेवाला आणि मी त्याच्या दुकानात गेलो. सेठ गादीवर बसला होता, पाय लांब करून, बाजूला काठी. केस पांढरे, अंग भरलेलं. आम्हा दोघांना एकत्र पाहून त्याने एवढंच विचारलं, "कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं," मी म्हटलं. "तुला भेटायला आलो."

"बसा मंग."

चहा आला. इकडचं तिकडचं झालं. मग रेल्वेवाला त्याच्या सवयीने सुरू झाला: आपण मित्रांनी किती मजा केली, माझ्या तर दोनशेच्या वर उड्या झाल्या, वगैरे. सेठ ऐकत होता. मग म्हणाला, "दोनशे. त्याच्यातल्या किती आठवतात?"

"आता सगळ्या कशा आठवतील?"

"माह्या एकोणीस. एकोणीसही आठवतात. सांगू?"

आणि त्याने सांगितल्या. एकामागून एक, क्रमाने. पहिलीला पट्टी खांद्याला घासली आणि आठ दिवस वण राहिला. चौथीला खाली बोडीत, लहानशा तळ्यात, कमळं होती. सातवीला विमानात वैमानिकाने त्याला अर्धा पेरू दिला आणि तो तोंडात धरूनच त्याने उडी मारली. अकरावीला माझ्या बाबांनी तपासलेली छत्री होती, पान बदललेलं, शिवण माझ्या हाताची; वर बघून तो टाके मोजत खाली आला होता. मधे गिऱ्हाईक आलं की थांबायचा, तराजूवर भांडं चढवायचा, कागदात गुंडाळून द्यायचा आणि पुन्हा तिथूनच सुरू करायचा. तेरावीत तो थोडा चुकला, म्हणाला, "थांबा, ही चौदावी," आणि मागे जाऊन नीट केलं. रेल्वेवाला एकदाही मधे बोलला नाही. मी त्याला इतका वेळ गप्प बसलेला कधी पाहिला नव्हता.

एकोणिसावी आली तेव्हा मी मान खाली घातली.

"नदी वरून पार केली तवा लय सुंदर दिसत होती," सेठ म्हणाला. "भीती वाटलीच नाई. मंग धुरा आला. पाय जुळवले होते मी, उस्तादानं शिकवलं तसेच. पन जमीन दगडावानी होती. आवाज झाला, तो माह्याच हाडाचा होता. एक म्हातारी धावत आली. डोक्याखाली आपला पदर देला आणि गड्याइले म्हने, पायाले कोनी हात लावू नोका. मंग मले विचारते, कोन्या गावचा रे बाप्पा? मी म्हटलं, भंडाऱ्याचा. तं म्हने, इतल्या जवळचा हायेस तं डोंग्यात बसून नदीतून याचं होतं." तो हसला. तेच हसू, फक्त जरा हळू. "मले हसू आलं आन् हसलो तं जीव गेल्यावानी दुखलं."

आमच्या गोष्टीतली म्हातारी हात जोडत होती. खरी म्हातारी कितीतरी शहाणी होती.

"त्या दिवशी उस्तादांना वर न्यायला मी लावलं," मी म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कोणापुढेही उच्चारलं नव्हतं.

"माहीत हाये. मी तुह्या मागंच उभा होतो. तू नसतं म्हटलं तं मी म्हटलं असतं." तो काठी उगाच इकडची तिकडे करत राहिला. "त्याचं काही नाई. पन दवाखान्यात तू परत येतो म्हनून गेली. मी सहा महिने खाटेवर होतो. दाराकडे तोंड करून झोपत होतो."

शाळेत पोरं चुकली की मी त्यांना कारण विचारायचे. माझ्याकडे सांगायला कारण नव्हतं. त्या आखूड पायाकडे पाहावं लागू नये म्हणून मी गेले नाही, एवढंच होतं, आणि तेच मी सांगितलं. मग दुकानातल्या माणसाला त्याने आणखी चहा सांगितला.

या हिवाळ्यात आम्ही सगळे नागपूरला न जमता भंडाऱ्याला सेठच्या घरी जमलो. उस्ताद आले नाहीत. मळणी चालली आहे, असा निरोप आला. पुंजन्याची गोष्ट कोणी काढली नाही. म्हातारीची मात्र सेठला पुन्हा सांगावी लागली.

मी आता बुधवारी दुकानात जाते. पहिल्या बुधवारी त्याने विचारलं, "तुह्या किती?"

"साठेक असतील."

"सांग."

मला अकराच आठवल्या. बाकीच्या कुठे गेल्या कोण जाणे. हिसका, शांतता आणि शेतं, सगळ्या एकमेकींत मिसळून गेलेल्या. पण बसून बोललं की एखादी निसटून वर येते. मागच्या बुधवारी बारावी सापडली. पहाटेचं धुकं होतं, खालची धावपट्टी दिसत नव्हती, आणि मी पूर्वेकडे तोंड करून उतरत होते.

"धुकं असताना उस्ताद सोडतच नव्हते," सेठ म्हणाला. "नीट आठव."

मी आठवू लागले. एवढ्यात एक बाई पाण्याचा गुंड, पितळेचा घडा, घ्यायला आली. तिला बुडाला जड असलेला हवा होता. सेठ काठीवर भार देऊन उठला, आणि मी थांबले.